परिषदेसाठी परदेशी जाताना: पहिल्यांदा निघालेल्या संशोधकांसाठी

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला दर वर्षी एप्रिलमध्ये किंवा मेच्या सुरुवातीला युरोपियन जिओसायन्सेस युनियनची, म्हणजे ईजीयूची, महासभा म्हणजे वार्षिक वैज्ञानिक परिषद भरते. भूशास्त्र, हवामान, भूकंप, जलविज्ञान या विषयांत काम करणारी जगभरची माणसं तिथे येतात. दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर काम करणाऱ्या आमच्या विभागातूनही कधी पीएचडीचे विद्यार्थी जातात, कधी शिक्षक. त्यांची कागदपत्रं एकदा नजरेखालून घालायचं काम आता माझ्याकडेच येतं. त्या अनुभवावरून सांगते: तयारीला तिकिटापासून सुरुवात करू नका. परिषदेची तारीख कॅलेंडरवर मांडा आणि तिथून मागे मोजत या.

ईजीयूचंच घ्या. निबंधाचा गोषवारा पाठवायची मुदत जानेवारीच्या मध्यावर संपते आणि परिषद एप्रिल-मेमध्ये असते. प्रवासासाठी आर्थिक मदत हवी असेल तर त्या अर्जाची मुदत त्याच्याही आधी संपलेली असते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत येतो, पण चौकशी लागली तर 45 दिवसही जाऊ शकतात. त्यातच फेब्रुवारी-मार्चमध्ये मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला निघालेल्या कुटुंबांची अर्ज केंद्रांवर गर्दी उसळते, अपॉइंटमेंटच मिळत नाही. गोषवारा स्वीकारल्याची मेल आल्यावर हालचाल सुरू केलीत, तर हाती जेमतेम काही आठवडे उरतात.

म्हणून विद्यापीठाच्या परवानगीची फाईल गोषवारा पाठवला त्याच आठवड्यात हलवा. अर्जात ‘स्वीकृतीच्या अधीन राहून’ असं स्पष्ट लिहा. विभागप्रमुखांची शिफारस, मग अधिष्ठाता, मग कुलसचिव कार्यालय, गरज असेल तिथे कुलगुरूंची सही, असा तिचा प्रवास असतो. प्रत्येक टेबलावर इनवर्ड नंबर लिहून घ्या. ‘फाईल वर गेलीय’ या उत्तराने काही कळत नाही. नंबर हातात असला की दोन मिनिटांत ती कुठे आहे ते समजतं. शिक्षकांना कर्तव्य रजा आणि ना हरकत प्रमाणपत्र दोन्ही लागतात. यजमान संस्था राहण्या-जेवण्याचा खर्च करणार असेल, तर सरकारी नोकरांना आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांतल्या कर्मचाऱ्यांना एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदान (नियमन) कायद्यानुसार परदेशी आदरातिथ्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. आपण त्यात बसतो का, हे आस्थापना विभागाला लेखी विचारा. हा मुद्दा बहुतेकांच्या कानावरही आलेला नसतो.

आता नावाबद्दल, कारण आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याचदा आईचंही. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो, आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र. शोधनिबंधावर आपण फक्त नाव आणि आडनाव लिहितो. लग्नानंतर पासपोर्ट बदललेला असेल तर निबंध एका आडनावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या, असंही होतं. परिषदेची नोंदणी, निमंत्रणपत्र, विमा, हॉटेल, तिकीट हे सगळं पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं. निबंधावरचं नाव वेगळं असेल तर विभागप्रमुखांकडून लेटरहेडवर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं पत्र घ्या. तिकिटावर मधल्या नावाला जागा नसते, त्यामुळे स्नेहल राजेंद्र पाटीलचं ‘स्नेहलराजेंद्र’ असं जोडून छापून येतं. ते चालतं, घाबरू नका.

पासपोर्टही आत्ताच काढून बघा. शेंगेन देशांतून परत निघाल्यानंतर किमान तीन महिने तो वैध असावा, गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत.

व्हिसाची फाईल मुंबई-पुण्याच्या केंद्रात स्वीकारली, तरी निर्णय त्या देशाचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास घेतो. तो अधिकारी तुम्हाला ओळखत नाही; त्याच्यासमोर फक्त कागद असतात. तेव्हा त्या कागदांत एकच गोष्ट सुसंगतपणे दिसायला हवी: हा माणूस कोण, कशासाठी चाललाय, खर्च कोण करतंय आणि तो परत का येणार. विभागाच्या पत्रातल्या तारखा, तिकिटाच्या तारखा आणि 30,000 युरोचं किमान संरक्षण देणाऱ्या प्रवास विम्याच्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. परिषदेनंतर चार दिवस प्राग फिरायचा बेत असेल तर तो अर्जात लिहा, लपवू नका. मात्र अर्ज करायचा तो जिथे मुख्य मुक्काम आहे त्या देशाकडे.

बँक स्टेटमेंटची धास्ती विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त असते आणि ती रास्त आहे. फेलोशिप महिनोन् महिने रखडते, मग एकदम जमा होते, आणि मधल्या काळात खात्यात काहीच दिसत नाही. अशा वेळी फेलोशिपचं मंजुरीपत्र जोडा, किती थकबाकी आहे याचं विभागाचं पत्र जोडा, आणि गरज पडली तर आईवडिलांचं प्रायोजकपत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र जोडा. नातेवाइकांकडून आदल्या आठवड्यात मोठी रक्कम घेऊन खात्यात टाकू नका. ती सगळ्यात आधी नजरेत भरते, आणि कुठून आली हे तुम्हाला कागदावर सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते, कारण त्यावर कितीतरी जण विनाकारण पैसे घालवतात. शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो आहे. पण वैज्ञानिक परिषदेला किंवा संशोधनासाठी जाणाऱ्या संशोधकांना युरोपीय व्हिसा संहितेत ही फी माफ आहे. निमंत्रणपत्र आणि विभागाचं पत्र दाखवून अर्जाच्या वेळीच माफी मागा. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क भरावंच लागतं.

पैशाचा हिशेब निघण्याआधीच लेखा विभागात बसून समजून घ्या. बहुतेक अनुदानं आधी मिळत नाहीत. खर्च तुम्ही करायचा आणि परतल्यावर बिल लावायचं. म्हणजे तिकीट आणि नोंदणीची रक्कम काही महिने तुमच्या किंवा घरच्यांच्या खिशातून अडकते, हे घरी मोकळेपणाने सांगा. केंद्र सरकारच्या निधीतून जाणार असाल तर तिकीट कुठल्याही ॲपवरून काढू नका. एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये टाटांकडे गेली आणि तिनेच जायची जुनी अट सुटली, पण तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच घ्यावं लागतं. बोर्डिंग पास मोबाइलवर आला तरी काउंटरवर कागदी मागून घ्या आणि घरी येईपर्यंत जपा. टीए म्हणजे प्रवासभत्त्याच्या बिलाला तो लागतो, आणि नंतर तो मिळवणं फार जिकिरीचं.

तिकीट स्वस्त आहे म्हणून लंडनमार्गे घेण्याआधी थांबा. तिथे नुसतं विमान बदलायलासुद्धा भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर इमिग्रेशन व्हिएन्नाला नाही, फ्रँकफर्टलाच होतं. ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायची नवी पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे दोन विमानांमध्ये निदान तीन तास ठेवा.

पोस्टर आडवं हवं की उभं, हे छापण्याआधी परिषदेच्या सूचनांत बघा. कापडावर छापून घेतलं तर घडी करून केबिन बॅगेत मावतं. खडकांचे नमुने नेणार असाल तर ते चेक-इन बॅगेत ठेवा आणि ‘संशोधनासाठी, व्यापारी मूल्य नाही’ असं इंग्रजी पत्र वर ठेवा. रोजच्या गोळ्या मात्र मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

बरेच जण रविवारी पोहोचतात आणि ऑस्ट्रियात रविवारी जवळपास सगळी किराणा दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली काही उघडी सापडतात. शाकाहारी असाल तर पहिल्या रात्रीपुरते ठेपले किंवा दशम्या बरोबर असू द्या. विमानतळावरून एस-7 लोकलने शहरात या. परिषदेचं केंद्र यू-1 मेट्रोवर आहे, त्यामुळे राहायची खोली त्या मार्गावर शोधली तर मध्यभागातल्या महागड्या हॉटेलांत राहायची गरज नाही. एप्रिलमध्ये सकाळी बोचरी थंडी असते, एक जाड जॅकेट हवंच. आणि निघायच्या आदल्या दिवशी पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि निमंत्रणपत्राच्या प्रती घरच्यांच्या आणि मार्गदर्शकांच्या मेलवर पाठवून ठेवा.