एकाच डब्यात सगळा सर्व्हर बसवायचा असेल तर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मित्राचं वर्कशॉप आहे, त्याला जॉबकार्ड आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर आतल्या पाचसहा पीसीवर हवं होतं आणि क्लाऊडचं भाडं नको होतं. मग ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप पुसून घेतला आणि एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी (ॲप चालवणारं), मारियाडीबी (डेटाबेस) सगळं त्यातच कोंबलं. दोन वर्षं झाली, चालतंय.

उबुंटू सर्व्हर (लिनक्स) २४.०४ टाका, एलटीएस म्हणजे लांब मुदतीचं व्हर्जन आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. इन्स्टॉल करताना ओपनएसएसएचला (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) टिक मारा. डिस्कच्या स्क्रीनवर मात्र नेक्स्ट नेक्स्ट करू नका, कारण एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडणारी सोय) अख्खी डिस्क वापरत नाही, ५०० जीबीची असली तरी रूटला (सिस्टिमच्या मुख्य भागाला) १०० जीबी देऊन बाकी मोकळी सोडतं, तो आकडा हाताने वाढवा. बायोसमध्ये लाईट आल्यावर मशीन आपोआप चालू होईल ते सेटिंग करा, राऊटरमध्ये त्याला एकच आयपी बांधून द्या. मग आप्टने (उबुंटूची इन्स्टॉल कमांड) तिन्ही पॅकेज, दहा मिनिटांचं काम.

आता फायरवॉल. आधी ओपनएसएसएच अलाऊ, मग पोर्ट ८० (वेबचं दार), आणि सगळ्यात शेवटी यूएफडब्ल्यू (उबुंटूचा फायरवॉल) इनेबल, हाच क्रम. मी एसएसएच विसरलो होतो. चालू सेशन तुटलं नाही म्हणून कळलंच नाही, मस्त चहा पिऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेलो तर आत जाता येईना, त्या डब्याला मॉनिटर नाही, परत पंचवटीत घरी, मॉनिटर ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवला, वरून पोत्याचं प्लास्टिक, आणि भर पावसात द्वारकाच्या ट्रॅफिकमधून अंबड. एका ओळीसाठी!

डेटाबेसचं दार बाहेर उघडायचंच नाही. ॲप आणि मारियाडीबी एकाच मशीनवर आहेत, त्यामुळे बाईंड ॲड्रेस (डेटाबेस ज्या पत्त्यावर ऐकतो तो) १२७.०.०.१ म्हणजे फक्त हेच मशीन, आहे तोच राहू द्या, नेटवरचे व्हिडिओ बघून ०.०.०.० म्हणजे सगळ्यांना उघडा करू नका. एसएस कमांडने (कुठली पोर्ट उघडी आहेत ते दाखवते) बघा, मारियाडीबीच्या ३३०६ पोर्टच्या आधी १२७.०.०.१ दिसलं म्हणजे झालं. आणि ॲपला डेटाबेसचा रूट (मुख्य युजर) देऊ नका, रूट तिथे सुडोनेच (ॲडमिन हक्काने) आत जातो, लोक पासवर्ड टाकून टाकून दमतात. ॲपसाठी वेगळा युजर, लोकलहोस्टपुरता (त्याच मशीनपुरता), फक्त त्याच्या डेटाबेसचे हक्क.

मेमरीत सगळे गंडतात. इनोडीबी बफर पूल (मारियाडीबी डेटा रॅममध्ये ठेवते ती जागा) रॅमच्या ७०-८० टक्के ठेवा असं वाचायला मिळतं, पण ते मशीनवर फक्त डेटाबेस असेल तर. इथे पीएचपीलाही जेवायचंय ना. डीफॉल्ट १२८ एमबी असतो, मी १ जीबी केला, पीएचपीची चिल्ड्रन (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसची) संख्या कमी ठेवली आणि २ जीबी स्वॅप (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कची जागा) दिला.

एनजिनएक्सच्या सेटिंगच्या फाईलमध्ये काहीही बदललं की आधी टेस्ट कमांड चालवायची, ओके आलं तरच रीलोड.

अजून एक, घड्याळ. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक वेळेवर) असतो, रात्री २ चा बॅकअप लावला की तो आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतो. टाइमझोन एशिया कोलकाता करा आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) रीस्टार्ट करा. डंप (डेटाबेसची बॅकअप फाईल) सिंगल ट्रान्झॅक्शनने (काम न थांबवता एकाच क्षणाची प्रत) घ्या, दुसऱ्या डिस्कवर ठेवा, आणि महिन्यातून एकदा तो डंप रिकाम्या डेटाबेसमध्ये ओतून कालचं जॉबकार्ड दिसतंय का ते उघडून बघा.