बायझंटाइनने तुर्कांच्या घोडेस्वारांचा त्रास कसा मिटवला (माझा अनुभव)

मेडिव्हल २ टोटल वॉर या कॉम्प्युटर गेममध्ये (गेम सन १०८० पासून सुरू होतो) बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्य, घेऊन खेळतोय, तुर्कांचे घोड्यावरचे तिरंदाज लांबून बाण मारून पळायचे आणि माझं पायदळ नुसतं मागे धावून दमायचं. आता पायदळ जागेवरच उभं ठेवतो, मागे ट्रेबिझाँडचे तिरंदाज (बायझंटाइनची पायी तिरंदाज तुकडी), कारण घोड्यावरच्यांपेक्षा त्यांचा बाण लांब जातो. बाजूने बायझंटाइन कॅव्हलरी (घोडदळ), ती बाण पण मारते आणि वेळ आली की जवळून पण भिडते, भारी युनिट आहे राव! मग तुर्कांचं इकोनियम शहर घेतलं. व्हेनिसवर मात्र भरवसा नको, आपल्या थेसालोनिका शहरात सैन्य ठेवाच. आणि हो, बायझंटाइनला पुढे बंदूकवाले मिळत नाहीत, त्यामुळे जे काय जिंकायचं ते लवकर उरका.