मिसिसिपीचा इतिहास समजून घ्यायचाय? कापसापासून सुरू करा

आपण जळगाव-धुळ्याकडची माणसं, म्हणून मिसिसिपी १८१७ ला अमेरिकेचं राज्य झालं वगैरे पाठ करत बसू नका, आधी कापूस धरा. १७९३ ला व्हिटनीचं जिनिंग मशीन आलं, सरकी झटपट निघायला लागली अन् गुलामांच्या जिवावर मळे वाढतच गेले. मग १८६१ बघा, राज्य अमेरिकेतून फुटलं, यादवी युद्धात तिकडचा माल अडकला आणि भाव चढला तो आपल्या खान्देशच्या कापसाचा! हा धागा सोडू नका, खरी मजा इथंच आहे. पुढं १८९० ची राज्यघटना नीट वाचा, पोल टॅक्स (मत द्यायला भरावा लागणारा कर) आणि वाचता येण्याची अट लावून काळ्या लोकांचं मतदान जवळजवळ बंदच पाडलं, ते १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर कुठं मोकळं झालं. १९०७ ला आलेला बोंडभुंगा, म्हणजे कापसाची बोंडं खाणारा किडा, वरवर वाचला तरी चालेल, बोंडअळीवाल्यांना काय सांगायचं!