पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या ऑइलची पट्टी बघा

मे महिन्याच्या उन्हात नांगरट आणि रोटाव्हेटर मारून ट्रॅक्टरची इंजिनं पार तापून निघतात. रोहिणी लागतात २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विद्यापीठांचा सल्ला बरोबरच आहे. पण तेवढा पाऊस पडल्यावर वापसा (पेरणीजोगी ओल) टिकतो मोजके दिवस, आणि नेमकं तेव्हाच इंजिन जाम झालं तर भाड्याचा ट्रॅक्टर गावात कुणाकडेच मोकळा नसतो. अशा हुकलेल्या पेरण्या दरसाल बघतो. बहुतेकांचं मूळ एकच निघतं: रेडिएटरचं पाणी महिनाभर ऑइलमध्ये उतरत होतं आणि सकाळी सेल (स्टार्टर) मारण्याआधी ऑइलची पट्टी (डिपस्टिक) कुणी काढून बघितली नव्हती.

म्हणून आधी तेच. रात्रभर उभा असलेला ट्रॅक्टर, सपाट जागा, इंजिन थंड. पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून काढा. ऑइल कमी झालंय का हे सगळे बघतात. वाढलंय का हे कोणी बघत नाही. उलट ‘आपलं इंजिन ऑइल खात नाही’ म्हणून मालक खुश असतो. ऑइल आपोआप वाढत नसतं. पातळी वर सरकली असेल तर आत पाणी तरी शिरलंय किंवा डिझेल. पट्टीवरचं ऑइल पातळ आणि डिझेलचा वास येणारं असेल तर फीड पंप, डिझेल पंप तपासा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी समजा आणि सेल मारू नका.

माझा एक ठोकताळा आहे: ज्या रेडिएटरला आठवड्यातून दोनदा पाणी लागतं आणि खाली जमिनीवर थेंब दिसत नाही, त्याचं पाणी इंजिनच पितंय.

खात्री करायला खर्च नाही. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट हळूच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं, त्यामुळे आधी पाणी येतं, मग ऑइल. रेडिएटरच्या पाण्यात कूलंट (इंजिन थंड ठेवायचं रसायन) घातलेलं असेल तर मात्र ते ऑइलमध्ये मिसळून चिकट गाळ होतो, स्वच्छ वेगळं पडेलच असं नाही. तेव्हा पट्टीवरचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका. चरचरला तर त्यात पाणी आहे. नुसत्या ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस असेल आणि पट्टी स्वच्छ असेल तर घाबरू नका, थंडीत थोडा वेळ इंजिन चालवलं की वाफेनं तसं होतं.

हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडण्याआधी सायलेन्सरकडे बघा. उभा सायलेन्सर, वर टोपी नाही, आणि रात्री वळीव झाला, तर पाणी त्या वाटेनं सिलिंडरमध्ये आणि तिथून चेंबरमध्ये जातं. अशा इंजिनाला आतला काही दोष नसतो. सेल मारताना इंजिन ठक्कन अडलं तर पुन्हा पुन्हा सेल मारू नका, ढकलून किंवा ओढून तर मुळीच चालू करू नका. पिस्टनवर पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल (डिझेल फवारणारे) काढा, इंजिन हळू फिरवून पाणी बाहेर काढा.

आता गळती कुठून, हा प्रश्न. इथेच दुकानदार आणि घाईचा मिस्त्री तुम्हाला लायनर-पिस्टनचं पूर्ण किट गळ्यात मारतात. आधी चेंबर खाली उतरवून घ्या आणि रेडिएटरला हातपंपानं झाकणावर लिहिलेला दाब द्या (बऱ्याच झाकणांवर ०.९ बारच्या आसपास असतो). मग खालून बॅटरीच्या उजेडात बघत बसा, अर्धा तास गेला तरी चालेल. लायनरच्या (पिस्टन ज्यात हलतो त्या नळीच्या) बुडाशी थेंब धरला तर ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) गेली किंवा लायनरला भोक पडलंय. पाणी वरून, पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या काड्यांच्या) बाजूनं ओघळत असेल तर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) किंवा तडकलेलं हेड. रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग असेल तर गॅस्केटबरोबर ऑइल कूलरही तपासा. चेंबर जागेवर आणि ऑइल स्वच्छ असतानाच रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरतोय, म्हणजे पुन्हा गॅस्केट किंवा हेड.

लायनर बाहेर काढले तर त्यांची बाहेरची बाजू नीट बघा. सुईनं टोचल्यासारखे खड्डे एका रांगेत असतील तर तो साध्या पाण्याचा प्रताप. पिस्टनच्या धक्क्यानं लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंड कुरतडतात. कूलंटमधली रसायनं याला आळा घालतात. बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी उलट आत थर चढवतं.

दुरुस्तीत न चुकवायच्या गोष्टी:
- हेड सपाट आहे का, सरळ पोलादी पट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पात्यांनी) तपासणे. वाकलं असेल तर घासून घेणे
- ब्लॉकमधली लायनरची बैठक घासून स्वच्छ
- लायनर ब्लॉकच्या वर किती राहतो ते मोजणे, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे
- नवीन ओ-रिंग, पीळ न पडता
- हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं (ठराविक जोरानं आवळणाऱ्या)
- बेअरिंग उघडून बघणे. पाणी मिसळलेलं ऑइल त्यांना आधी खातं
- ऑइल, फिल्टर नवीन. थोडा वेळ मोकळं चालवून पुन्हा दोन्ही बदलणे

‘गळती बंद’ करणारे डबे आणि पावडरी घेऊ नका. लायनरचं भोक त्यानं बुजत नाही, रेडिएटरच्या नळ्या मात्र बुजतात, आणि मग तापून गेलेलं हेड पुन्हा उघडावं लागतं. तोच पैसा कूलंटला लावा: क्षारविरहित पाण्यात निम्मं-निम्मं, दर दोन वर्षांनी किंवा कंपनीच्या पुस्तकात असेल तसं. तापलेलं झाकण उघडून थंड पाणी ओतणाऱ्या ड्रायव्हरला आधीच बजावून ठेवा. ट्रॅक्टर भाड्यानं फिरत असेल तर पट्टी मालकानं स्वतः बघावी, कारण ड्रायव्हरला तास भरायचे असतात.

काढलेलं कूलंट बांधावर किंवा गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री चाटतात, गुरंही तोंड लावतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.