आलेखाने समीकरणे सोडवताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून एका दुकानदाराने १० किलोचे आणि ५ किलोचे मिळून गुळाचे ७ रवे घेतले. एकूण वजन भरले ५० किलो. मोठे रवे क्ष आणि लहान य मानले, तर क्ष + य = ७ आणि १०क्ष + ५य = ५०. दुसऱ्या समीकरणाला ५ ने भागले की २क्ष + य = १०. दोन्ही रेषा (३, ४) मध्ये छेदतात, म्हणजे मोठे ३, लहान ४. इतक्या सोप्या उदाहरणातही दहावीच्या मुलांचे गुण जातात, याचे वाईट वाटते.

सगळ्यात जास्त घात होतो तो दोनच बिंदू घेतल्याने. कोणतेही दोन बिंदू पट्टीने जोडले की सरळ रेषा येणारच, मग त्यातला एक चुकलेला का असेना. २क्ष + य = १० साठी (५, ०) च्या जागी (५, १) आला, तरी आलेख देखणाच दिसेल. तिसरा बिंदू काढा. तो रेषेवर बसला नाही, तर तक्ता पुन्हा तपासा. बिंदू एकमेकांपासून लांबचेही हवेत: (०, ७) आणि (१, ६) जोडून रेषा पुढे वाढवली, तर सुरुवातीची अर्ध्या मिलिमीटरची चूक टोकाला कितीतरी पट होते. (०, ७) आणि (७, ०) घेणे उत्तम.

प्रमाण कोपऱ्यात लिहा, पेन्सिल टोकदार ठेवा.

पडताळा एकाच समीकरणात घेऊन थांबू नका. सहनिर्देशक उलटे वाचून (४, ३) लिहिले, तरी ४ + ३ = ७ जमतेच! दुसऱ्यात ठेवा: ८ + ३ = ११, इथे चूक उघडी पडते.

अपूर्णांकाचे दुखणे वेगळे. क्ष + य = ३ आणि २क्ष − य = १ यांचा छेदनबिंदू आलेखावर (१.३, १.७) वाचला जातो, पण २.६ − १.७ = ०.९ येते. इथे रेषा बरोबर आहेत, फक्त मिलिमीटरच्या कागदावर ४/३ नेमके वाचता येत नाही. दोन्ही समीकरणे मिळवा: ३क्ष = ४, म्हणून क्ष = ४/३, य = ५/३.

रेषा कागदावर छेदत नाहीत म्हणून लगेच ‘उकल नाही’ लिहू नका. क्ष + य = ७ आणि १०क्ष + ११य = ५० या रेषा समांतर भासतात, पण १/१० आणि १/११ ही सहगुणकांची गुणोत्तरे समान नाहीत, त्यामुळे त्या कुठेतरी छेदणारच. छेदनबिंदू आहे (२७, −२०). १ सेमी = ५ एकक घ्या, तो कागदावर येईल.