सोलापूरच्या उन्हाळ्यात घरातील मांजर: वागणूक ओळखावी कशी, काळजी घ्यावी कशी

पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातील कोरड्या प्रदेशांत राहणारे रानमांजर होते. शिकारीच्या मांसातून मिळणाऱ्या ओलाव्यावर बरीचशी भिस्त ठेवायची आणि लघवी अतिशय घट्ट करून शरीरातील पाणी राखायचे, ही त्यांची रीत आजच्या मांजरातही टिकून आहे. म्हणूनच त्याला तहान फारशी जाणवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांपलीकडे गेला असताना मांजर भांड्याकडे फिरकत नसेल, तर त्याला पाण्याची गरज नाही असा निष्कर्ष काढू नये.

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरांत साठवणीचे पाणी जपून वापरले जाते आणि मांजराचे भांडे तसेच राहून जाते. ते सकाळ-संध्याकाळ धुऊन भरावे. पाणी घरात दोन-तीन ठिकाणी, अन्नापासून आणि शौचाच्या जागेपासून दूर ठेवावे. केवळ कोरडे खाद्य देण्यापेक्षा ओलसर खाद्य किंवा हाडे काढलेले उकडलेले चिकन त्याच्या पाण्यासह देणे अधिक चांगले. मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण नसावा. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात, त्यामुळे शेंगाचटणी लागलेला घासही त्याच्यापुढे टाकू नये. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी आपल्याकडे मायेने दिली जाते, पण मांजर मांसाहारी प्राणी आहे. त्याला आवश्यक असलेले टॉरिन हे मांसातील पोषकद्रव्य भाकरीतून मिळत नाही आणि दुधातील साखर न पचल्याने अनेक मोठ्या मांजरांना जुलाब होतात. रोज घरचे चिकनच द्यायचे असेल, तर आहार पुरा पडतो का, हे पशुवैद्यांना विचारावे.

पाणी कमी पडल्याचा परिणाम लघवीवर होतो, आणि सर्वांत जास्त लक्ष येथेच द्यावे. वाळूचे पसरट घमेले शांत जागी ठेवून रोज स्वच्छ करावे. दोन मांजरे असतील तर तीन घमेली ठेवावीत. मांजर अचानक गादीवर किंवा कोपऱ्यात लघवी करू लागले, तर तो खोडसाळपणा किंवा सूड मानून मारू नये. घमेले अस्वच्छ आहे का, आणि त्याला दुखते आहे का, हे आधी पाहावे. बोका वारंवार बसून कुंथत असेल, थेंबभरच किंवा काहीच लघवी होत नसेल, ओरडत असेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो, म्हणून सकाळची वाट न पाहता त्याला पशुवैद्यांकडे न्यावे.

मांजर दुखणे लपवते. नेहमी दारात येणारे मांजर पलंगाखाली बसून राहिले, अंग चाटणे थांबले, खाणे सुटले, तर त्याला आजाराचीच खूण समजावे. त्याची गुरगुर नेहमीच सुखाची नसते. वेदनेतही ते गुरगुरते. उभी शेपटी आणि तुमच्याकडे पाहत सावकाश मिटलेले डोळे विश्वास दाखवतात, तर मागे दुमडलेले कान आणि आपटणारी शेपटी दिसताच हात बाजूला घ्यावा.

पत्र्याच्या घरात दुपारी मांजराला थंड फरशीची, वारा असलेली जागा मोकळी ठेवावी. तोंड उघडून धापा टाकणे मांजरात सहसा दिसत नाही; उन्हाळ्यात तसे दिसल्यास साध्या पाण्याने अंग ओले करून, पंख्याखाली ठेवून लगेच दवाखाना गाठावा. तापासाठी पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या रात्री खिडक्या बंद करून, आत जुनी चादर घातलेले खोके आडोशाला ठेवावे आणि लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढू नये. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावी, आणि साधारण पाचव्या महिन्यापासून नसबंदीची वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी.