मत कशानं ठरतं, हे शोधायला निघालेल्यांसाठी

पत्रकारितेच्या एम.ए.ला मी लघुप्रबंधासाठी विषय घेतला होता: २०२४ची लोकसभा निवडणूक आणि दिंडोरीतल्या मतदारांवर बातम्यांचा परिणाम. असा विषय दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. माझे सुरुवातीचे दोन महिने वाया गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

ते दोन महिने मी ग्रंथालयात पट्टी घेऊन वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचे कॉलम सेंटिमीटर मोजले. कुठल्या पक्षाला किती जागा, पहिल्या पानावर कोण, फोटो कुणाचा. हे करावंच लागतं. पण त्यातून काय छापलं एवढंच कळतं. वाचणाऱ्यानं त्याचं काय केलं, हे कळत नाही. मी मात्र तक्त्यावरून थेट मतांवर उडी मारली होती. मार्गदर्शक बाईंनी मसुदा परत दिला आणि म्हणाल्या, "आधी माणसांशी बोलून ये."

मग लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्या गाठल्या. कांद्याच्या लिलावाची वाट बघत ट्रॅक्टरजवळ थांबलेल्या शेतकऱ्याकडे वेळ असतो, तो मोकळेपणानं बोलतो. "बातम्या बघून मत ठरवता का?" असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतात. मी प्रश्न बदलला: "निर्यातबंदी उठल्याचं कुठून कळलं?" मग उत्तरं यायला लागली. व्हॉट्सॲपवरून, व्यापाऱ्याकडून, भावकीतल्या कुणाकडून. डिसेंबर २०२३मध्ये लागलेली बंदी ४ मे २०२४ला उठली, दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. मथळ्यात 'बंदी उठली' होतं, पण बाजारात बोलणं होतं ते ४० टक्के निर्यात शुल्काचं आणि टनाला ५५० डॉलरच्या किमान निर्यात दराचं. बातमी पोचली होती, पण तिचा अर्थ शेतकऱ्यानं स्वतःच्या हिशेबपट्टीवरून लावला होता.

इथे मला समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड खऱ्या अर्थानं समजला. १९४०मध्ये अमेरिकेतल्या ईरी काउंटीत त्याच्या चमूनं तेच तेच मतदार महिनोन्‌महिने पुन्हा भेटून तपासले. प्रचारानं मत उलटणारे थोडे, आधीचंच मत पक्कं होणारे पुष्कळ, आणि ओळखीच्या माणसाच्या शब्दाला मोठं वजन. परीक्षेसाठी पाठ केलेलं हे सगळं मला लासलगावात ऐकू आलं.

निकाल लागला. शिक्षक असलेल्या भास्कर भगरेंनी केंद्रीय राज्यमंत्री भारती पवारांना लाखाहून अधिक मतांनी हरवलं. 'माध्यमांचा परिणाम शून्य' असा निष्कर्ष लिहायला मी बसलेच होते, तेवढ्यात तिसऱ्या क्रमांकाकडे लक्ष गेलं. भगरे आडनावाचा अपक्ष, चिन्ह तुतारी, मतं एक लाखाच्या वर. विजयी उमेदवाराचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. ती सगळी मतं चुकून पडली असं लिहू नका. पण दोन चिन्हांतला फरक लोकांपर्यंत किती पोचला, हा माध्यमांचाच प्रश्न होता, आणि माझ्या तक्त्यात चिन्हांच्या बातम्यांना रकानाच नव्हता! मत वळवणं म्हणजेच प्रभाव, असं मी धरून चालले होते. साधी माहिती पोचणं किंवा न पोचणं हाही प्रभावच.

एक्झिट पोलबद्दल एकच सांगते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ मुळे शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत ते दाखवता येत नाहीत. १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी एनडीएला ३५०च्या पुढे नेलं, प्रत्यक्षात २९३ आल्या. आकडा चुकला हा अंदाजाचा दोष. त्यानं मतदान फिरलं असं म्हणायला जागाच नाही. तरी दर वर्षी कुणीतरी ते लिहितंच.

पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमीसारख्या छापलेल्या मजकुराचा, रकाना मात्र पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. २००९च्या विधानसभेनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं की एकच मजकूर शब्दही न बदलता वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापला गेला. त्यामुळे एकाच दिवसाचे अंक शेजारी ठेवून वाचा. अशी जागा बातमीत मोजलीत तर तक्ता खोटा ठरतो.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या वेळी त्याच गावांत पुन्हा गेले. लोकसभेला महाराष्ट्रात ४८पैकी ३० जागा महाविकास आघाडीच्या होत्या. आता महायुतीला २३० मिळाल्या. लाडकी बहीण योजनेचं कुठून कळलं, हे बायकांना विचारत होते. टीव्हीचं नाव फार थोड्या जणींनी घेतलं. बाकीच्या म्हणाल्या, "अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं, फॉर्मही त्यांनीच भरला." त्या रात्री मी प्रश्नावलीत 'ताई' असा नवा रकाना आखला.